बोलणाऱ्याच्या तोंडातील व्यंजने कशी मोजावीत: नागपुरात राहून करता येण्याजोगा अभ्यास

‘डोळा’ हा शब्द नागपूरच्या एकाच चौकात तीन प्रकारे ऐकू येतो. शहरी वळणाचे मराठी बोलणारा माणूस ‘डोळा’ म्हणतो, वऱ्हाडाकडून आलेला ‘डोया’ म्हणतो आणि भंडारा-गोंदियाकडील झाडीबोली बोलणाऱ्याच्या तोंडी ‘डोरा’ येतो. तिघेही मराठीच बोलत आहेत, पण पहिल्याच्या बोलण्यात ‘ळ’ नावाचे एक व्यंजन आहे आणि इतर दोघांच्या बोलण्यात ते नाही. त्यामुळे ‘मराठीत व्यंजने किती’ या प्रश्नाला शालेय पुस्तकातील तक्त्यावरून दिलेले उत्तर हे लिपीचे उत्तर असते. भाषेचे उत्तर हवे असेल तर आधी कोणाची मराठी हे ठरवावे लागते आणि मग त्या व्यक्तीच्या तोंडातून निघणारे ध्वनी एकेक करून तपासावे लागतात. ते कसे तपासावेत, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. हीच पद्धत गोंडी, सिंधी, तेलुगू किंवा अन्य कोणत्याही भाषेला लागू पडते आणि नागपूरसारख्या शहरात या सर्व भाषा बोलणारी माणसे घरापासून फार दूर नसतात.

पहिली पायरी: एक भाषा, एक माणूस

आरंभी अनेक जणांचे नमुने गोळा करण्याचा मोह टाळावा. एका व्यक्तीचे बोलणे नीट उलगडले की दुसऱ्याशी तुलना करता येते. सुरुवातीपासूनच पाच जणांची सरमिसळ केली, तर ‘डोळा’ आणि ‘डोया’ एकाच वहीत येतात आणि ‘ळ’ व ‘य’ हे परस्परांचे पर्याय आहेत असा चुकीचा निष्कर्ष निघतो. व्यक्ती शक्यतो ती भाषा लहानपणापासून घरात बोलणारी असावी. तिला अभ्यासाचा हेतू समजावून सांगावा, ध्वनिमुद्रणाची परवानगी घ्यावी आणि मुद्रणाची एक प्रत तिला देण्याचे कबूल करून ते पाळावे.

भाषा निवडताना आपल्या मातृभाषेपासून थोडी दूरची निवडल्यास कान लवकर तयार होतो. गोंडी ही द्रविड कुळातील भाषा असून २०११ च्या जनगणनेत तिच्या भाषकांची संख्या सुमारे २९ लाख ८४ हजार नोंदली गेली आहे. मेळघाटातील कोरकू ही मुंडा गटातील आहे, म्हणजे तिचे कूळ मराठीहूनही वेगळे आणि गोंडीहूनही वेगळे. जरीपटक्याच्या परिसरात सिंधी सहज ऐकू येते आणि व्यंजनांच्या अभ्यासकासाठी सिंधीइतकी शिकवणारी शेजारीण भाषा क्वचितच मिळेल. तिच्याकडे पुढे पुन्हा वळू.

दुसरी पायरी: शब्दांची यादी, आणि ती वाचून न दाखवण्याचे पथ्य

सुमारे दोनशे शब्दांची यादी पुरेशी होते. शरीराचे अवयव, नात्यांची नावे, जनावरे, पाणी-अग्नी-दगड यांसारख्या वस्तू, एक ते दहा अंक आणि खाणे, जाणे, झोपणे यांसारखी रोजची क्रियापदे घ्यावीत. अमेरिकी भाषावैज्ञानिक मॉरिस स्वदेश यांनी अशाच मूलभूत शब्दांच्या याद्या तयार केल्या होत्या आणि आजही त्यांचा आधार घेतला जातो. असे शब्द घेण्याचे कारण हे की त्यांत उसने शब्द तुलनेने कमी असतात. उसन्या शब्दांबरोबर उसनी व्यंजनेही येतात. द्रविड भाषांच्या मूळ शब्दांत महाप्राण, म्हणजे ‘ख’, ‘थ’ यांसारखी हवेच्या झोतासह उच्चारली जाणारी व्यंजने, नसतात, पण संस्कृत किंवा हिंदीतून आलेल्या शब्दांत ते लिहिलेले आणि अनेकदा उच्चारलेलेही आढळतात. यादीत अशाच शब्दांची गर्दी झाली, तर घरच्या ध्वनिव्यवस्थेवर पाहुण्यांची सावली पडते.

आता पथ्याविषयी. माझ्या पहिल्या अभ्यासात मी एका वृद्ध आजींसमोर बसून यादीतला प्रत्येक शब्द मोठ्याने वाचत गेलो आणि त्या तो माझ्यामागून म्हणत गेल्या. वहीत ‘पाणी’, ‘कोण’, ‘डोळा’ असे स्वच्छ शब्द जमा झाले. काम आटोपल्यावर त्यांनी सुनेला हाक मारली, ‘पानी आन वं जरासं.’ मी चकित होऊन विचारले तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, ‘तू जसं म्हनशीन तसं मी म्हनीन नं, बाबू.’ त्या दिवसाची संपूर्ण वही मला बाजूला ठेवावी लागली. शब्द कधीही आपण उच्चारून मागू नये. वस्तू दाखवावी, चित्र दाखवावे, अवयवाकडे बोट दाखवावे, नाहीतर ‘तहान लागली की काय पितो?’ असे विचारावे.

प्रत्येक शब्द तीनदा म्हणवून घ्यावा आणि एकदा ठरावीक वाक्यात बसवून घ्यावा. ‘मी ___ म्हणतो’ यासारखी चौकट मराठीसाठी चालते. एकट्या शब्दाचा शेवट लांबतो किंवा विरतो. वाक्याच्या मध्यात तोच शब्द आपल्या नेहमीच्या वेगाने येतो.

तिसरी पायरी: ध्वनिमुद्रण

चांगला फोन पुरतो, मात्र फाइल वेव्ह स्वरूपात आणि सेकंदाला ४४,१०० नमुने या दराने नोंदवणारे ॲप वापरावे. व्हॉट्सॲपवरच्या व्हॉइस मेसेजवर विश्लेषण करू नये, कारण फाइल लहान करताना वरच्या कंप्रतेची माहिती गमावली जाते आणि घर्षक, म्हणजे ‘स’, ‘श’ यांसारख्या हवा घासत बाहेर पडणाऱ्या व्यंजनांची ओळख तिथेच असते. ‘स’ ची ऊर्जा प्रामुख्याने ४,००० हर्ट्‌झच्या वर एकवटलेली असते, तर ‘श’ ची त्याहून खाली सुरू होते. नागपुरात या कामाचा मोठा शत्रू म्हणजे कूलर. एप्रिल-मे महिन्यांत तो बंद ठेवण्याची कल्पनाही नकोशी वाटते, परंतु त्याच्या पंख्याचा आणि पाण्याचा सूं-सूं आवाज नेमका घर्षकांसारखाच असतो आणि ‘ह’ सारखा दुबळा ध्वनी तर त्यात पार बुडून जातो. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत बसावे, कूलर बंद करावा, गाद्या-चादरी असलेली खोली निवडावी आणि फोन तोंडापासून वीतभर अंतरावर, किंचित बाजूला ठेवावा म्हणजे महाप्राणाचा झोत थेट मायक्रोफोनवर आदळत नाही.

चौथी पायरी: हात, कागद आणि आरसा

यंत्राकडे जाण्यापूर्वी शरीराकडून शिकावे. प्रातिशाख्यांच्या, म्हणजे वेदांच्या उच्चारांवरील प्राचीन ग्रंथांच्या, काळापासून भारतीय व्याकरणकारांनी व्यंजनाचे वर्णन दोन प्रश्नांनी केले आहे: तोंडात अडथळा कुठे होतो, म्हणजे स्थान, आणि तो कशा प्रकारे होतो, म्हणजे प्रयत्न. आपल्या वर्णमालेतील क-वर्गापासून प-वर्गापर्यंतच्या ओळी घशाकडून ओठांकडे येतात आणि प्रत्येक ओळीत अघोष अल्पप्राण, अघोष महाप्राण, घोष अल्पप्राण, घोष महाप्राण आणि अनुनासिक हा क्रम असतो. १८८६ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ध्वनिविज्ञान संघटनेचा तक्ता पाहिला, तर स्थान आणि प्रयत्न याच दोन अक्षांवर तो उभा असल्याचे दिसते. फक्त तिथे स्थाने आडवी आणि प्रयत्न उभे मांडलेले असतात. मराठी वाचकाला हा तक्ता शिकणे अवघड जात नाही, कारण त्याचा सांगाडा बालपणीच पाठ झालेला असतो.

घोषत्व, म्हणजे उच्चारताना स्वरतंत्री कंपतात की नाही, हे तपासण्यासाठी बोटे कंठमण्यावर ठेवून ‘स’ आणि नंतर दीर्घ ‘म’ म्हणावा. दुसऱ्या वेळी थरथर जाणवते. महाप्राण तपासण्यासाठी पातळ कागदाची पट्टी ओठांसमोर धरावी. ‘ताट’ आणि ‘थाट’ म्हणताना पट्टीच्या हालचालीतील फरक डोळ्यांना दिसतो. इथे ‘प’ आणि ‘फ’ ही जोडी शक्यतो घेऊ नये, कारण अनेक मराठी भाषक ‘फ’ हा दोन्ही ओठ मिटून न उच्चारता खालचा ओठ वरच्या दातांना लावून घर्षकासारखा उच्चारतात आणि मग तुलना दोन वेगळ्या जातींच्या ध्वनींची होते. जिभेचा स्पर्श कुठे होतो हे पाहायचे असेल, तर खाण्यायोग्य कोळशाची पूड तेलात कालवून जिभेवर लावतात, एकच शब्द उच्चारतात आणि लहान आरशाने टाळूवरचा डाग पाहतात. ‘त’ चा डाग दातांमागे उमटतो आणि ‘ट’ चा त्याहून मागे. स्वतःच्या तोंडावर हा प्रयोग एकदा अवश्य करावा.

सिंधीच्या बाबतीत कंठमण्यावरचे बोट आणखी एक गोष्ट सांगते. सिंधीत ‘ग, ज, ड, ब’ यांच्या जोडीला चार अंतःस्फोटक व्यंजने आहेत आणि देवनागरीत ती खाली रेघ देऊन ॻ, ॼ, ॾ, ॿ अशी लिहिली जातात. ती उच्चारताना स्वरयंत्र खाली सरकते, तोंडातील हवेचा दाब कमी होतो आणि अडथळा सुटताना हवा जोराने बाहेर फेकली जात नाही. क्षणभर आतही ओढली जाऊ शकते. ‘ॿ’ ने ‘दोन’ या अर्थाचा आणि ‘ॾ’ ने ‘दहा’ या अर्थाचा शब्द सुरू होतो. सिंधी भाषकाला अंक मोजायला सांगावे आणि तो आपल्या कंठमण्यावर बोट ठेवून मोजत असताना काय जाणवते ते त्यालाच विचारावे. मराठी कानाला सुरुवातीला हे ध्वनी साध्या ‘ब’ आणि ‘ड’ सारखेच वाटतात. हा आपल्या कानाच्या सवयीचा परिणाम आहे. आठवडाभर रोज ऐकले की भेद कळू लागतो.

पाचवी पायरी: लघुतम युग्मे

आता ऐकलेल्या ध्वनींपैकी भाषेच्या दृष्टीने वेगळे कोणते, हे ठरवायचे. निकष सोपा आहे: एकाच जागी फक्त एक ध्वनी बदलला आणि अर्थ बदलला, तर ते दोन वेगळे स्वनिम होत. अशा शब्दांच्या जोडीला लघुतम युग्म म्हणतात. मराठीत ‘-ण’ ने संपणारी एक छान मालिका मिळते: कण, खण, गण, घण, तण, पण, फण, मण, रण, सण. एका दमात दहा व्यंजने सिद्ध होतात आणि क-वर्गातील चारही स्पर्श, म्हणजे हवा क्षणभर पूर्ण अडवून उच्चारलेली व्यंजने, परस्परांपासून वेगळे असल्याचेही दिसते. दार–धार, बात–भात, पाट–पाठ, गाल–गाळ, मन–मण अशा जोड्या पुढे वाढवत जाव्यात.

मात्र शेवटच्या दोन जोड्या प्रत्येक नागपूरकराच्या तोंडी टिकत नाहीत. ‘पानी’ आणि ‘कोन’ म्हणणाऱ्या आजींच्या बोलण्यात ‘मन’ आणि ‘मण’ एकसारखे ऐकू येतात. म्हणजे त्यांच्या व्यवस्थेत ‘ण’ हा स्वतंत्र स्वनिम नाही. ‘डोया’ म्हणणाऱ्याच्या तोंडी ‘काळा’ हा शब्द ‘काया’ होतो आणि शरीराच्या अर्थाच्या ‘काया’ शी जुळतो. याला अशुद्ध उच्चार म्हणून सोडून देणे ही अभ्यासाशी केलेली अप्रामाणिकता ठरेल. ती एक वेगळी, पूर्ण आणि सुसंगत व्यवस्था आहे. तिच्यात व्यंजने दोनने कमी आहेत एवढेच.

च-वर्गाकडे मात्र सावकाश पाहावे लागते, कारण मराठीच्या व्यंजनव्यवस्थेतील सर्वांत रंजक गुंतागुंत तिथे आहे. आपण एकच ‘च’ लिहितो, पण ‘चिमणी’ तील ‘च’ टाळूला लागतो आणि ‘चूल’ मधील ‘च’ दातांमागे, ‘त्स’ सारखा उच्चारला जातो. सोयीसाठी दुसऱ्याखाली टिंब देऊन तो च़ असा लिहू. ‘माझा’ आणि ‘माझी’, ‘घरचा’ आणि ‘घरची’ हे हळू म्हणून पाहिल्यास इ-कारापुढे ध्वनी टाळूकडे सरकतो हे जाणवते. जपानीतही असाच प्रकार आहे: त-वर्गाचा उच्चार ‘आ’ पुढे ‘ता’, ‘इ’ पुढे ‘चि’ आणि ‘उ’ पुढे ‘त्सु’ असा होतो. जिथे एक ध्वनी येतो तिथे दुसरा येत नाही, अशी काटेकोर वाटणी असेल तर दोन्ही एकाच स्वनिमाची रूपे मानतात आणि या वाटणीला पूरक वितरण म्हणतात. मग मराठीतही च आणि च़ एकच का मानू नयेत? कारण ‘जग’. ‘विश्व’ या अर्थाचा ‘जग’ तालव्य आहे आणि ‘जिवंत राहा’ या अर्थाचा ‘ज़ग’ दंत्य. तसेच म्हातारपणाच्या अर्थाचा ‘जरा’ आणि ‘थोडे’ या अर्थाचा ‘ज़रा’. पुढचा स्वर तोच, तरी अर्थ वेगळा. अंक ‘चार’ तालव्य, पण गुरांचा ‘च़ारा’ दंत्य. अ, आ, उ, ओ या स्वरांपुढे संस्कृतातून जसेच्या तसे घेतलेले चंद्र, चरण, जल यांसारखे शब्द तालव्य राहिले आणि घरचे च़ूल, च़ोर, ज़ुना हे शब्द दंत्य झाले. एकेकाळची वाटणी अशा रीतीने मोडली आणि तिच्यातून दोन स्वनिम उभे राहिले. ‘झ’ मध्ये मात्र ‘झेंडा’, ‘माझी’ एका बाजूला आणि ‘झाड’, ‘झरा’ दुसऱ्या बाजूला ही वाटणी अजून बरीच नियमित आहे. लिपीने हा भेद कधी दाखवला नाही, तरी मराठी माणूस तो बहुधा चुकत नाही. तेलुगूतही च-वर्गाचे असे दोन उच्चार आहेत, ही गोष्ट विदर्भाच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. एक सावधगिरी: हिंदी लेखनातील ‘ज़’ हा शुद्ध घर्षक आहे, तर मराठीतील दंत्य ‘ज़’ शब्दाच्या सुरुवातीला आला की त्याच्या आरंभी ‘द’ चा स्पर्श असतो. टिंब तेच असले तरी ध्वनी तोच समजू नये.

उलट दिशेची चूकही होते. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांत अर्थ बदलतो, म्हणून दोन प्रकारचे ‘र’ मोजावेत असे वाटू शकते. पण पहिल्या शब्दात ‘र’ हा आधीच्या अक्षराला जोडून ‘दर्-या’ अशी फोड होते आणि ‘द’ वर आघात येतो. दुसऱ्यात ‘द-ऱ्या’ अशी फोड होते. फरक अक्षरविभागणीचा आहे, व्यंजनाचा नाही. ‘ङ’ आणि ‘ञ’ हे तर आपल्याच वर्गातील व्यंजनांपूर्वी येतात, म्हणून तक्त्यात असूनही स्वतंत्र मोजण्याचे कारण राहत नाही. ‘श’ आणि ‘ष’ चा भेद बहुतेकांच्या बोलण्यात उरलेला नाही. ‘ज्ञ’ हा मुळात जोडध्वनी; ‘ज्ञान’ मराठीत ‘द्न्यान’ होतो आणि सीताबर्डीच्या बाजारात हिंदी बोलताना तोच माणूस ‘ग्यान’ म्हणतो. राहता राहिले म्ह, न्ह, ल्ह, व्ह. ‘म्हातारा’, ‘न्हावी’, विदर्भातील ‘ल्हान’ या शब्दांच्या आरंभी ते येतात. मराठीत शब्दारंभी ‘म’ नंतर अन्य व्यंजन क्वचितच जोडून येत असताना ‘ह’ मात्र सहज येतो, हे पाहता मी त्यांना ‘भ’ किंवा ‘ध’ सारखे एकेकटे महाप्राण मानण्याच्या बाजूचा आहे. त्यांना दोन व्यंजनांचे जोड मानणारेही अभ्यासक आहेत. आपण जे ठरवू ते कारणासह वहीत लिहावे.

सहावी पायरी: प्राटमध्ये मोजमाप

ॲम्स्टरडॅम विद्यापीठातील पॉल बुर्स्मा आणि डेव्हिड वीनिंक यांनी तयार केलेली प्राट ही संगणकप्रणाली विनामूल्य मिळते. मुद्रित फाइल उघडून शब्द निवडला की वर ध्वनिलहर आणि खाली वर्णपट, म्हणजे कोणत्या कंप्रतेला किती ऊर्जा आहे याचे चित्र, दिसतो. स्पर्श व्यंजनात आधी शांततेचा पट्टा, मग अडथळा सुटल्याची बारीक उभी रेघ आणि नंतर स्वराच्या नियमित लहरी दिसतात. रेघ आणि लहरींची सुरुवात यांतील अंतर मिलिसेकंदांत मोजावे; यालाच घोषारंभकाल म्हणू. ‘क’ मध्ये हे अंतर छोटे, ‘ख’ मध्ये ठळकपणे मोठे. ‘ग’ मध्ये लहरी रेघेच्या आधीच सुरू झालेल्या असतात, म्हणून ते उणे धरतात. एकाच जातीची व्यंजने घेतली तर ‘प’ पेक्षा ‘क’ चे अंतर थोडे अधिक असते, त्यामुळे तुलना नेहमी एकाच वर्गात करावी.

ली लिस्कर आणि आर्थर अब्रामसन यांनी १९६४ साली ११ भाषांत हे मोजमाप केले होते आणि त्यांत हिंदीबरोबर मराठीही होती. एका मोजमापाने बहुतेक भाषांतील स्पर्शांचे गट वेगळे होतात, असे त्यांना दिसले. पण हिंदी-मराठीच्या घोष महाप्राणांनी ही मोजपट्टी अपुरी ठरवली. ‘ग’ आणि ‘घ’ दोन्हींत घोष आधीच सुरू झालेला असतो. भेद असतो तो अडथळा सुटल्यानंतर: ‘घ’ नंतर स्वरतंत्री सैल राहून कंपतात आणि स्वराचा पहिला भाग श्वासमिश्रित होतो. ‘गण’ आणि ‘घण’ शेजारी ठेवून पाहावेत. दुसऱ्यात स्वराच्या सुरुवातीच्या लहरी अस्पष्ट आणि गोंगाटमिश्रित दिसतील.

सातवी पायरी: तक्ता भरणे आणि इतर भाषांशी ताडणे

आता स्थानांचे स्तंभ आणि प्रयत्नांच्या ओळी आखून सिद्ध झालेली व्यंजनेच तक्त्यात लिहावीत. ५६२ भाषांच्या एका जागतिक पाहणीत सरासरी २२ च्या आसपास व्यंजने आढळली; सर्वांत कमी ६, पापुआ न्यू गिनीतील बूगनव्हिल बेटावरच्या रोटोकास भाषेत, आणि सर्वांत जास्त १२२, आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागातील ‘ता’ भाषेत. महाप्राणांच्या ओळी भरलेल्या असल्यामुळे मराठीचा आकडा सरासरीच्या बराच वर जातो. कॉकेशसमधून तुर्कस्तानात गेलेल्या उबिख भाषेत ८४ व्यंजने होती. ती अस्खलित बोलणारे शेवटचे गृहस्थ तेवफिक एसेन्च १९९२ साली वारले आणि त्यानंतर ती व्यवस्था फक्त ध्वनिफितींत उरली.

‘ता’ चा आकडा एवढा मोठा होण्याचे कारण तिथली चुटक्यांसारखी व्यंजने. हळहळ व्यक्त करताना आपण जिभेने जो ‘च्च् च्च्’ आवाज काढतो किंवा बैल हाकताना गालाच्या बाजूने जो काढतो, त्याच जातीचे ध्वनी तिथे शब्दांचे घटक आहेत. आपल्याकडे ते शब्दात येत नाहीत म्हणून मराठीच्या तक्त्यात त्यांना जागा नाही. दुसऱ्या टोकाला हवाईयन भाषेत ८ व्यंजने आहेत आणि तिथे ‘त’ आणि ‘क’ एकमेकांऐवजी वापरले तरी अर्थ बदलत नाही. ‘ताप’ आणि ‘काप’ हे दोन शब्द मानणाऱ्या माणसाने यावर क्षणभर थांबून विचार करावा. तमिळमध्ये क आणि ग साठी एकच अक्षर पुरते, कारण मूळ शब्दांत शब्दारंभी अघोष आणि अनुनासिकानंतर घोष उच्चार आपोआप ठरतो. इंग्रजीतील ‘पिन’ मधला ‘प’ झोतासह आणि ‘स्पिन’ मधला झोताविना असतो. मराठी कानाला तो फरक सापडतो, इंग्रजी भाषकाला तो सांगूनही पटत नाही.

तक्त्यातील रिकाम्या चौकटींकडे परत यावे. एखादी ओळ भरलेली असताना त्यात एकच जागा मोकळी दिसली, तर ती भाषेची खरी उणीव असू शकते, जशी अरबीत ‘प’ ची, किंवा आपल्या यादीत तो शब्द आला नसेल. अशा प्रत्येक चौकटीसाठी दहा-बारा नवे शब्द शोधून त्याच व्यक्तीकडे पुन्हा जावे. सोबत तक्ता आणि मुद्रणाची प्रत न्यावी, प्रत्येक युग्म तिला ऐकवावे आणि ‘हे दोन शब्द तुम्हाला वेगळे वाटतात का?’ एवढेच विचारावे. तिचे उत्तर आणि आपले मोजमाप जुळले नाही, तर दोन्ही नोंदी तारखेसह तशाच ठेवाव्यात आणि त्या चौकटीत व्यंजनाऐवजी प्रश्नचिन्ह लिहावे.